पाणंदीवरचा प्रोफेसर

पुणे शहराची दाट वस्ती मागे टाकून पूर्वेकडे निघालेला मनुष्य सोलापूरच्या अथवा अहिल्यानगरच्या हमरस्त्याने गेला, तर दौंड आणि शिरूर हे दोन तालुके त्याला डांबराच्या पट्टीवरून दिसतात, म्हणजे वस्तुतः दिसतच नाहीत. त्या दोन हमरस्त्यांच्या मध्ये जो मुलूख पसरला आहे, ज्याच्या एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला घोडनदी वाहते, जेथे कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस आणि जेथे पोहोचले नाही तेथे मुरमाड माळ अशी सरळ वाटणी झालेली आहे, तो मुलूख पाहावयाचा तर गाडीवाटांनी, शिवरस्त्यांनी आणि पाणंदींनीच गेले पाहिजे. पाणंद म्हणजे दोहों बाजूंच्या बांधांमधली, पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीने रुळलेली शेतवाट. गावनकाशावर ती दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिच्यातला हात-दोन हात भाग दरसाल कोणाच्या तरी नांगराखाली जातो, आणि मग १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अथवा १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे दावा उभा राहतो. तारखा पडत राहतात आणि वाट अरुंद होत राहते.

अशा वाटांवर केवळ शौकाखातर वाहने घालणारे आम्ही काही लोक आहोत. शहरातले तरुण याला ऑफरोडिंग म्हणतात. आमच्यापैकी कोणी ‘रानात जाऊन येऊ’ एवढेच म्हणतो. आमच्यात एक शाळामास्तर आहे, एक साखर कारखान्यातला फिटर आहे, दौंडच्या रेल्वेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ आहे. वाहने म्हणावी तर दोन जुन्या जीपा आणि उरलेल्या मोटारसायकली. चाकांतली हवा थोडी उतरवावी, खालच्या गिअरात गाडी धरावी, चिखलात शिरण्यापूर्वी काठी घालून खोली पाहावी, आणि एकाची गाडी रुतली की बाकीच्यांनी दोर बांधून ती ओढून काढावी, असा हा एकंदर व्यवहार. त्यात शौर्य फारसे नाही. लक्ष मात्र पुष्कळ लागते, आणि या लक्षाविषयीच मला पुढे बोलावयाचे आहे. कारण आमच्या या लहानशा मंडळात ज्याचे नाव वारंवार निघते तो नील पिअर्ट हा कॅनडाचा रॉक संगीतकार, माझ्या समजुतीप्रमाणे, जन्मभर त्या एकाच गोष्टीची उपासना करीत होता.

मराठी वाचकाला रॉक संगीताचे वावडे आहे असा एक समज आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या घरात वाढलेल्या नंदू भेंडे यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडसची भूमिका गाऊन गाजवली, आणि तोच कंठ पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी प्रेक्षकांपुढे आणला, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या संगीताची रग आपल्या भाषेत कशी उतरते हे ठाऊक आहे. भेंडे २०१४ साली गेले, आणि त्यांच्यावर जितके लिहिले जावयास हवे होते तितके लिहिले गेले नाही, असे मला वाटते. पिअर्टची गोष्ट निराळी. तो गाणारा नव्हता. तो वाजवणारा आणि गीते लिहिणारा होता, आणि आमच्या मंडळाला तो प्रथम कळला तो संगीतामुळे नव्हे, मोटारसायकलीमुळे.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन गावी त्याचा जन्म झाला. बाप शेतीच्या यंत्रसामग्रीच्या व्यवसायात होता, आणि लंडनला नशीब काढण्यासाठी गेलेला हा मुलगा दीड वर्षाने रिकाम्या हाताने परतल्यावर त्याच दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकीत असे. शिरूरच्या बाजारपेठेत असली दुकाने ओळीने आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या गल्ल्यावर बसलेल्या, बोटांनी काचेवर ताल धरणाऱ्या मुलाला पाहून त्याच्या बापाला जी काळजी वाटत असेल तिची कल्पना करणे आपल्याला अवघड नाही. जुलै १९७४ मध्ये टोरांटोच्या ‘रश’ या तिघांच्या संचात त्याचा प्रवेश झाला. पहिल्या अमेरिकी दौऱ्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन या उरलेल्या दोघांना गीते लिहिण्याची हौस नव्हती, आणि हा नवागत गाडीत, हॉटेलात, जेथे बसेल तेथे पुस्तक वाचीत असे, म्हणून शब्दांचे खातेही त्याच्याकडे आले. शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला पुढे सारे जग ‘प्रोफेसर’ म्हणू लागले.

त्याच्या वादनाविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकत नाही. परंतु ज्याला रूपकाच्या सात मात्रा हाताने मोजता येतात त्याला ‘टॉम सॉयर’ या १९८१ च्या रचनेत मधूनच सात मात्रांचे आवर्तन सुरू होते तेव्हा पायाखालची जमीन किंचित सरकल्याचा अनुभव आल्यावाचून राहत नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेत ‘वाय वाय झी’ नावाची एक शब्दहीन रचना आहे. टोरांटोच्या विमानतळाचे संकेताक्षर मॉर्सच्या लिपीत प्रक्षेपित होते. त्या लघु-दीर्घ खटक्यांचा जो दहा मात्रांचा आकृतिबंध बनतो, तोच तालाचा पाया म्हणून तिघांनी घेतला. आमच्या रेल्वेतल्या गृहस्थांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी रचना पुनःपुन्हा ऐकून टेबलावर बोटाने ती तिन्ही अक्षरे वाजवून दाखवली. दौंड हे मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासूनचे जंक्शन. तारयंत्राच्या कडकट्टाच्या आवाजावर गाड्या सोडणारी माणसे त्यांनी नोकरीच्या आरंभी पाहिली होती, आणि त्या मंडळींना या संगीताची ओळख करून द्यावी लागली नसती, असे त्यांचे म्हणणे पडले.

मला स्वतःला या माणसाविषयी आदर वाटला तो दुसऱ्याच एका कारणाने. १९९४ च्या सुमारास, म्हणजे वयाची चाळिशी उलटल्यावर, जगातल्या अग्रगण्य ड्रमवादकांत गणना होत असताना, फ्रेडी ग्रूबर नावाच्या एका वृद्ध शिक्षकाकडे जाऊन त्याने काडी कशी धरावी येथपासून पुन्हा आरंभ केला. आघात हा केवळ आघाताच्या क्षणी होत नसून दोन आघातांच्या मध्ये हात हवेतून कसा फिरतो यावर तो ठरतो, असे ते शिक्षण होते, आणि महिनोन्महिने तो तळघरात बसून हात वर्तुळाकार फिरवण्याचा रियाज करीत राहिला. आपल्याकडे वृद्ध उस्तादापुढे गंडा बांधून मांडी घालून बसणारे शिष्य पुष्कळ झाले; पण उस्तादपद मिळाल्यावर ती मांडी पुन्हा घालणारे किती निघतील?

प्रवासाची ओढ त्याला आधीपासून होती. दौऱ्यातल्या मोकळ्या दिवशी तो सायकल काढी; १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेत कॅमेरूनच्या धुळकट रस्त्यांवरून सायकलीने हिंडून त्यावर त्याने पहिले पुस्तक लिहिले. मग मोटारसायकल आली, आणि १९९६ च्या दौऱ्यापासून त्याने असा प्रघात पाडला की, एका गावचा कार्यक्रम आटोपल्यावर बसमध्ये निजावे, बस एखाद्या आडबाजूच्या थांब्यावर उभी करावी, आणि पहाटे मागच्या ट्रेलरमधून गाड्या उतरवून नकाशावरच्या बारीकात बारीक रेघेने पुढच्या गावी जावे. त्याची बीएमडब्ल्यूची जीएस जातीची गाडी डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी घडवलेली; सामानासकट तिचे वजन अडीचशे किलोंच्या वर जाई, आणि असली गाडी चिखलात आडवी झाली की ती उभी करणे काय असते हे आमच्या फिटरला विचारावे.

येथवर ही एका सुखवस्तू कलावंताच्या हौसेची कथा आहे. १० ऑगस्ट १९९७ रोजी त्याची त्या वेळची एकुलती एक मुलगी सेलेना मोटार अपघातात मरण पावली. तिचे वय १९ होते. दहा महिन्यांनी, २० जून १९९८ रोजी, पत्नी जॅकी कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच त्याने सहकाऱ्यांना आपण निवृत्त झालो असे समजा म्हणून सांगितले होते. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस क्वेबेकमधल्या रिकाम्या घराला कुलूप लावून तो मोटारसायकलीवर बसला आणि उत्तरेस अलास्का, दक्षिणेस मेक्सिको आणि बेलीझ असा १४ महिन्यांत सुमारे ८८,००० किलोमीटर हिंडला.

‘घोस्ट रायडर’ हे त्या भ्रमंतीचे पुस्तक २००२ मध्ये निघाले. ते आमच्या मंडळात हातोहात फिरून खिळखिळे झाले आहे. परंतु स्तुतीच करावयाची असा माझा संकल्प नसल्यामुळे त्यातले दोषही सांगतो. पुस्तक लांबले आहे. ब्रूटस या टोपणनावाच्या, त्या काळी तुरुंगात असलेल्या मित्राला लिहिलेली पत्रे त्यात पानेच्या पाने उतरवली आहेत आणि त्यांत तेच तेच येते. उपाहारगृहातल्या लठ्ठ माणसांवर, गोंगाट करणाऱ्या पर्यटकांवर त्याने केलेली टिप्पणी कित्येकदा कडवट आणि क्वचित क्षुद्रही आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, ते खरे वाटते. उपशीर्षकात घाव भरून येण्याची भाषा आहे, आणि प्रसिद्धी करणारांनी तीच उचलून धरली. पण पाने उलटताना घाव भरताना मला कोठेच दिसला नाही. दिसली ती दिनचर्या. सकाळी तेल पाहणे, साखळीऐवजी दांडा असलेल्या त्या गाडीच्या चाकांतली हवा तपासणे, नकाशा टाकीवर लावणे, आज किती मैल आणि कोणत्या रस्त्याने ते ठरवणे, संध्याकाळी त्याची नोंद वहीत करणे. आपल्यात जो एवढासा जीव उरला आहे त्याला, रडणाऱ्या तान्ह्याला फिरवून निजवावे तसे, फिरवीत ठेवले पाहिजे, असा त्याचा स्वतःचाच विचार त्यात आला आहे. खडीच्या उतारावर पुढचे चाक कोठे पडणार हे पाहत असलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरे काहीही पाहता येत नाही. दुःख तेथेच असते. फक्त त्याला बसायला मागची जागा मिळते. तत्त्वज्ञानाने जे साधत नाही ते एखादा नादुरुस्त रस्ता साधतो, असे मला अनेकदा वाटले आहे, आणि मी तत्त्वज्ञानाचा द्वेष्टा नाही.

दौंड तालुक्यात बसून हे वाचणाऱ्याला केडगाव आठवल्यावाचून राहत नाही. तेथील मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्या काळाच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण अशी तिघांची मरणे पाहिली, आणि त्यानंतर त्या स्वतः व थोरला बंधू अशी ही उरलेली दोन भावंडे पुराणे सांगत हजारो मैल पायी हिंडली. पुढे बंधू गेला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती गेले. आणि १९२१ मध्ये, केडगावचा पसारा उभा राहिल्यानंतर, मुलगी मनोरमा गेली, तिच्या मागोमाग ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः. या दोन चरित्रांची तुलना करणे कोणाला विपरीत वाटेल. एक व्रतस्थ विदुषी आणि एक रॉक वादक, एकीच्या पायात वहाणही नसावी आणि दुसऱ्याच्या खिशात पतपत्र होते. फरक आहेतच, आणि ते मोठे आहेत. रमाबाईंनी चालणे थांबवून इतरांसाठी छप्पर उभारले. पिअर्टने अखेरीस आपल्यापुरते घर पुन्हा मांडले. पण मरणांच्या लागोपाठ माणसाने थांबू नये, चालते राहावे, ही बुद्धी दोघांना झाली. याच तालुक्यातून यवत आणि वरवंडच्या मुक्कामांनी तुकोबांची पालखी दरसाल जाते, आणि तिच्यातही घरचे माणूस नुकतेच गेलेले वारकरी किती असतात हे दिंडीत दोन मैल चाललेल्या कोणालाही माहीत असते.

सप्टेंबर २००० मध्ये त्याने कॅरी नटॉल या छायाचित्रकार स्त्रीशी विवाह केला. २००२ मध्ये ‘रश’ची नवी ध्वनिमुद्रिका आली, आणि तो पुन्हा दौऱ्यांवर निघाला, पुन्हा पहाटे ट्रेलरचे दार, पुन्हा नकाशावरच्या बारीक रेघा. चाहत्यांना भेटणे त्याने जवळजवळ जन्मभर टाळले, आणि याबद्दल त्याच्यावर गर्विष्ठपणाचा आरोप झाला. मला तो आरोप मान्य नाही. पेट्रोलपंपावर, एखाद्या खेड्यातल्या खानावळीत, कोणी न ओळखलेला मनुष्य म्हणून त्याला बोलता येई, आणि तेथे तो मोकळेपणाने बोले. जेथे लोक त्याला आधीच ओळखून बसलेले असत तेथे त्याचा जीव गुदमरे. आपल्या मंचोत्सुक काळात हा स्वभाव दुर्मिळ आहे. १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम झाला. पुढल्या वर्षी मेंदूच्या अर्बुदाचे निदान झाले. साडेतीन वर्षे ती गोष्ट निकटवर्तीयांनी बाहेर फुटू दिली नाही. ७ जानेवारी २०२० रोजी तो सांता मोनिका येथे ६७ व्या वर्षी गेला, आणि जगाला कळले ते तीन दिवसांनी.

आम्हाला बातमी शनिवारी कळली. रविवारी चौफुल्याला जमून पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या दिशेने, शक्यतो डांबर टाळून जावयाचे ठरले. सभा नाही, हार नाही. शाळामास्तरांनी त्याचे कोणते तरी वादन फोनवर लावले होते, ते इंजिनाच्या आवाजात कोणालाच ऐकू आले नाही. जानेवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. घोडगंगा कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाणंदींची अशी काही दशा केली होती की दोन फूट खोल चाकोऱ्यांमध्ये मोटारसायकलीचे पायटे घासत होते. एके ठिकाणी पाटाचे पाणी फुटून काळ्या मातीचा राडा झाला होता, आणि तेथे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर रुतला होता. आम्ही जीपचा दोर लावला. जीप जागच्या जागी फिरू लागली. अखेर शेजारच्या वस्तीवरचा दुसरा ट्रॅक्टर आला आणि त्याने पुढच्या ट्रॅक्टराला व त्यामागोमाग आमच्या जीपलाही बाहेर काढले.

बांधावर बसून हे सारे पाहणारे एक वयस्क शेतकरी होते. आम्ही कोण, कोठले, कशासाठी आलो हे त्यांनी शांतपणे विचारून घेतले. कॅनडातल्या एका वाजंत्र्याच्या नावाने आलो, हेही त्यांनी ऐकून घेतले, आणि त्यात त्यांना काही वावगे दिसले नाही. मग म्हणाले, ‘‘म्हंजे रस्ता चांगला असता तर तुम्ही आलाच नसता की!’’ आमच्यापैकी कोणापाशी याला उत्तर नव्हते. पाऊसकाळात याच राड्यातून बाळंतिणीला बाजेवर घालून न्यावी लागल्याचे त्यांनी त्यानंतर सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे, आठवण म्हणून. या शौकातली ही अडचण पिअर्टच्या पुस्तकांत फारशी येत नाही. त्याचे कच्चे रस्ते बहुधा अरण्यांतले आणि वाळवंटांतले, माणसांची वर्दळ नसलेले. आमच्या कच्च्या रस्त्याच्या प्रत्येक टोकाला एक घर असते. एकाचा छंद तो दुसऱ्याचा नित्याचा मार्ग असला की छंद करणाराने थोडे ओशाळे असावे, एवढे तरी निश्चित.

यातला विनोद असा की, जगात जेथे जेथे हा शौक आहे तेथे तेथे ज्या जीपचे नाव आदराने घेतले जाते ती आज याच शिरूर तालुक्यात तयार होते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात २०१७ पासून ‘कंपास’ बनू लागली आणि २०२१ पासून ‘रँग्लर’ची जुळणीही होऊ लागली. ही वाहने महागणपतीच्या गावाहून गुळगुळीत हमरस्त्याने बाहेर पडतात आणि पुण्याच्या वाटेवर तासन्‌तास कोंडीत उभी राहतात. त्यांतल्या कितींच्या चाकांना पुढे कधी पाणंदीचा चिखल लागत असेल हा प्रश्नच आहे.

त्या रविवारनंतर आमच्यात एक वाद उपस्थित झाला. पारगावच्या पुढे एका फाट्यावर त्याच्या नावाचा लहानसा दगड बसवावा, अशी सूचना फिटरने केली. परक्या मुलखातल्या माणसाचे असले स्मरण गावाला चालेल काय, अशी शंका कोणी काढली, तेव्हा शाळामास्तरांनी शिरूरच्या कर्नल वॉलेसचा दाखला दिला. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी असताना १८०९ साली तेथे वारलेल्या या अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासचे गावकरी सत्पुरुषाचे स्थान मानीत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात आहे. दाखला बिनतोड होता. पण दगडाचा विषय गावात निघाल्यावर बांधावरचे तेच वयस्क शेतकरी म्हणाले की, दगड काय करायचाय, त्या राड्यात मुरूम टाका. सर्वांना ते पटले. वर्गणी निघाली, आणि मार्चच्या आरंभी दोन ट्रॉल्या मुरूम त्या खोलगट जागी पडून वर रोलर नसल्यामुळे आमच्याच गाड्या पुनःपुन्हा फिरवून तो दाबण्यात आला.

पैसे घेताना ट्रॅक्टरमालकाने खिशातली वही काढली आणि नाव कोणाचे टाकू म्हणून विचारले. कोणी एकाने सांगितले तसे त्याने ‘प्रोफेसर, कॅनडा’ असे लिहून पुढे ‘मुरूम, २ खेपा, जमा’ अशी नोंद केली. त्या पावसाळ्यात पाटाने निम्मा मुरूम वाहून नेला. दिवाळीनंतर, गाळप सुरू होण्यापूर्वी, त्या ट्रॅक्टरमालकाचा फिटरला फोन आला की, खड्डा पुन्हा पडला आहे आणि प्रोफेसरसाहेब यंदाही देणार आहेत का.